कोल्हापुरातून स्कायडायव्हिंग: पहिल्या उडीची पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची रीत

आधीच सांगितलेलं बरं: स्कायडायव्हिंगचा अर्ज घेणारं सरकारी कार्यालय कोल्हापुरात नाही. महा-ई-सेवा केंद्रात याचा फॉर्म मिळत नाही आणि उजळाईवाडी विमानतळावर चौकशी केलीत तर गेटवरचा जवान फार तर हसेल. हौस म्हणून पहिली उडी मारणाऱ्याला सरकारी परवाना लागतच नाही. परवानग्या लागतात त्या उडीची सोय करणाऱ्या संस्थेला: विमानाच्या, वैमानिकाच्या, हवाई हद्दीच्या. तुमचा अर्ज त्या संस्थेकडे जातो, बहुतेक वेळा ऑनलाइन, आणि तो भरायला दहा मिनिटं पुरतात. खरी तयारी त्याच्या आधीची असते आणि घाई नेमकी तिथेच होते.

पहिल्यांदा एवढं ठरवा: एकदा उडी मारून बघायची आहे, की हा खेळ शिकायचा आहे? दोन्हींचे कागद वेगळे, खर्च वेगळा, ठिकाणंही वेगळी.

उडीचे प्रकार

नवख्या माणसासाठी टँडेम. यात तुमची पाठ प्रशिक्षकाच्या पोटाछातीशी चार हुकांनी जोडलेली असते. पॅराशूट त्याच्या पाठीवर, एक मुख्य आणि एक राखीव. विमान साधारण १० ते १३ हजार फुटांवर जातं. बाहेर पडल्यावर प्रशिक्षक आधी एक छोटं पॅराशूट मागे सोडतो, त्याला ड्रोग म्हणतात. दोघांचं वजन एकत्र पडत असल्याने वेग फार वाढू नये म्हणून ते लागतं. त्यामुळे वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास राहतो. अर्धा-पाऊण मिनिट असं पडत राहायचं, मग साधारण पाच हजार फुटांवर मुख्य पॅराशूट उघडतं आणि त्यानंतरची पाच-सात मिनिटं तरंगत खाली. जमिनीवरचं शिकवणं अर्ध्या तासात उरकतं, कारण निर्णय घ्यायचं काम तुमचं नसतं.

दुसरा प्रकार स्टॅटिक लाइन. तीन-साडेतीन हजार फुटांवरून एकट्याने उडी मारायची, पण पॅराशूट विमानाला बांधलेल्या पट्ट्याने आपोआप उघडतं. दिवसभराचं जमिनीवरचं प्रशिक्षण झाल्याशिवाय विमानात घेत नाहीत. तिसरा एएफएफ, म्हणजे खेळ शिकायचा अभ्यासक्रम; त्याबद्दल पुढे येतंच.

तारकर्लीला बोटीमागे दोरीने वर जातात ते पॅरासेलिंग. पाचगणी-कामशेतला डोंगरावरून उडतात ते पॅराग्लायडिंग. दोन्ही छान, पण त्यांच्या प्रमाणपत्राचा इथे काही उपयोग नाही.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये आयुष्यातली पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली, हे आपल्याकडे कौतुकाने सांगितलं जातं आणि सांगावंच. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र पहिली उडी कशी मारावी याचा तो नमुना नव्हे.

संस्था आधी तपासा, पैसे मग भरा

भारतात नागरिकांसाठी टँडेम उड्यांचं ओळखीचं ठिकाण म्हणजे हरियाणातल्या नारनौलजवळची बाछोद धावपट्टी. मध्य प्रदेशात उज्जैनला ठरावीक दिवसांचा स्कायडायव्हिंग महोत्सव भरतो. कोल्हापूरच्या आसपास कायमची सोय नाही, त्यामुळे ‘अमुक किल्ल्याजवळ रविवारी स्कायडायव्हिंग, सीट बुक करा’ असा मेसेज ग्रुपवर आला तर खुशाल संशय घ्या. गरम हवेचा बलून, पॅरामोटर असल्या भलत्याच गोष्टी या नावाखाली खपवल्या जातात.

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आणलं, त्यात पॅराशूटिंग आणि स्कायडायव्हिंग येतं. महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण २०२१ चं. राज्यात जमिनीवर, पाण्यात किंवा हवेत असा धंदा करणाऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. म्हणून राज्यातल्या आयोजकाकडे त्या नोंदणीचं पत्र मागा, आणि आयोजक कुठलाही असो, विमानासाठी डीजीसीएच्या, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, परवानग्या आहेत का ते विचारा.

त्याहून उपयोगाचे तीन प्रश्न आहेत. प्रशिक्षकाचं टँडेम रेटिंग, म्हणजे दुसऱ्याला जोडून उडी मारायची पात्रता, कुणी दिलं आहे आणि ते चालू आहे का? राखीव पॅराशूट शेवटचं कधी आणि कुणी पॅक केलं? अमेरिकेत ते दर १८० दिवसांनी पात्र रिगरकडून, म्हणजे पॅराशूट पॅक करणाऱ्या जाणकाराकडून, पुन्हा पॅक करावं लागतं आणि त्याची नोंद किटसोबतच असते. तिसरा: ठरावीक उंचीच्या खाली वेग जास्त राहिला तर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारं यंत्र, म्हणजे एएडी, बसवलं आहे का? चांगला आयोजक या प्रश्नांनी खूश होतो. चिडला तर आपला रस्ता धरा.

पात्रता

वय १८ पूर्ण. ही अट फक्त आयोजकाची नसते, टँडेमचं सामान बनवणाऱ्या कंपन्याच ती घालतात. ‘बाबांची सही चालेल का?’ हा प्रश्न दहावी-बारावीची पोरं हमखास विचारतात. भारतात टँडेमसाठी अठरा पूर्ण होईपर्यंत थांबणंच बरं. वरची मर्यादा सहसा नसते, पण वय जास्त असेल तर डॉक्टरांचं पत्र आयोजक मागतोच.

वजनाची अट आपल्या गावाला जरा जड जाणारी आहे. मर्यादा बहुतेक ठिकाणी ९० ते १०० किलो. तालमीत मेहनत केलेला गडी सहज त्याच्या पुढे जातो, आणि ‘चरबी नाही ओ, अंगच तसं आहे’ हे सांगून भागत नाही. प्रश्न तब्येतीचा नाही, एकूण भाराचा आहे. प्रशिक्षक, तुम्ही आणि सामान मिळून पॅराशूटला झेपेल असा भार ठरलेला असतो. भार जास्त झाला की उतरण्याचा वेग वाढतो आणि घोट्यावर-कमरेवर येतो. फॉर्ममध्ये दोन किलो कमी लिहून काही मिळत नाही. तिथे कपड्यांसकट काट्यावर उभं करतात. काही ठिकाणी ठरावीक वजनाच्या पुढे जादा आकार घेतात आणि मर्यादेच्या पुढे सरळ परत पाठवतात. पैसे परत मिळतीलच असं नाही.

तब्येतीत ज्या गोष्टी अडतात त्या अशा: हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, फिट्स येणं, मणक्याचं किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं, अलीकडची शस्त्रक्रिया, गरोदरपण. खांदा एकदा निखळलेला असेल तर तो लपवू नका. वाऱ्याच्या झोतात हात पसरलेले असतात, तिथे तो पुन्हा निखळू शकतो. सर्दीने कान बंद असतील तर त्या दिवशी उडी नको. उंची इतकी झपाट्याने बदलते की कानाच्या पडद्यावर ताण येतो. मालवणला स्कूबा करून लगेच उत्तरेकडे विमानाने निघणार असाल तर मध्ये निदान २४ तास जाऊ द्या. दारू पिऊन आलेल्याला कुणीही विमानात घेत नाही आणि आदल्या रात्रीची उतरलेली नसेल तरीही नाही.

कागदपत्रं

मूळ ओळखपत्र लागतं: आधार, पासपोर्ट किंवा वाहन परवाना, त्यावर जन्मतारीख पूर्ण असावी. नुसतं जन्मसाल छापलेलं जुनं आधार काही जणांकडे अजून आहे, ते आधी बदलून घ्या. बुकिंगवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत एकच ठेवा. वडिलांचं नाव एका ठिकाणी आहे आणि दुसरीकडे नाही, यावरून धावपट्टीच्या गेटवर वाद घालायची वेळ येऊ नये.

वैद्यकीय प्रमाणपत्र सगळीकडे मागत नाहीत. बऱ्याच ठिकाणी स्वतःचं घोषणापत्र चालतं. मागितलं असेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात खेटे घालायची गरज नाही. नोंदणीकृत एमबीबीएस डॉक्टर पुरतो, पण पत्रावर सही-शिक्क्याबरोबर त्यांचा नोंदणी क्रमांक आणि अलीकडची तारीख हवी. आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांनी असा दाखला पूर्वी कधी दिलेला असण्याची शक्यता कमी. त्यामुळे आयोजकाचा नमुना प्रिंट काढूनच न्या, नाहीतर ‘ही इज फिट’ एवढ्या एका ओळीचा दाखला हातात पडेल आणि तो तिथे चालणार नाही. रक्तदाब आणि फिट्सबद्दल स्पष्ट उल्लेख असावा.

याशिवाय घरच्या एका माणसाचा तातडीचा नंबर आणि रक्तगट देऊन ठेवावा लागतो. इथे मित्राचा नंबर टाकून घरी न सांगता जाणारे बरेच असतात. मला ते पटत नाही.

शेवटचा कागद दायित्वमुक्तीचा, ज्याला सगळे बॉन्ड म्हणतात, आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच. ‘इजा किंवा मृत्यू झाल्यास संस्था जबाबदार नाही’ असं त्यात साध्या शब्दांत लिहिलेलं असतं. धावपट्टीवर, विमानाचा आवाज कानात असताना, पाच पानं कुणी वाचत नाही. तिथे फक्त सही होते. म्हणून तो आधी मेलवर मागवून घ्या आणि घरी बसून वाचा. हवामानामुळे उडी रद्द झाली तर पुढची तारीख मिळते की पैसे, विमानात बसल्यावर तुम्हीच नकार दिलात तर काय, व्हिडिओचे पैसे धरले आहेत की वेगळे, हे सगळं त्यात किंवा बुकिंगच्या अटींत असतं. स्टँप पेपरवर करून आणा असं सांगितलं नसेल तर कोर्टाबाहेर स्टँप व्हेंडरकडे रांग लावू नका.

विम्याचंही बघून ठेवा. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींमध्ये स्कायडायव्हिंगचं नाव घेऊन एक वगळणूक आहे, पण ती व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यासाठी लिहिलेली आहे. अपघात विमा आणि प्रवास विमा यांच्या अटी निराळ्या असतात, तिथे हौशी माणूसही वगळलेला असू शकतो. एजंटच्या तोंडी ‘सगळं कव्हर आहे’वर जाऊ नका, पॉलिसीचं पान उघडा.

प्रवास आणि उडीचा दिवस

टँडेमला पंचवीस-तीस हजार रुपये धरून चाला, प्रवास वेगळा. कोल्हापूरहून हजरत निजामुद्दीनला थेट गाडी आहे पण ती आठवड्यातून एकदा. परतीचं तिकीट उडीच्या लगेच दुसऱ्या दिवशीचं काढलं आणि ढग आले, की उडीही गेली आणि गाडीही. मध्ये निदान एक दिवस मोकळा ठेवा. दिल्लीहून नारनौल रस्त्याने तीनेक तास. पावसाळा सोडा; डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत सकाळी धुकं असतं, त्यामुळे दुपारची वेळ मिळाली तर कुरकुर करू नका. वारा जास्त असेल तर नुसतं बसून राहावं लागतं.

कपडे अंगाबरोबरचे, बूट लेसचे. हूक असलेले ट्रेकिंगचे बूट नकोत, दोऱ्या अडकतात. शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये पट्टायाला नऊवारी नेसून उडी मारली होती, पण त्यामागे शेकडो उड्यांचा अनुभव होता.

शिकवतात ते थोडकंच असतं, पण नीट ऐका. दारात बसल्यावर पाय विमानाच्या खाली वळवायचे, डोकं मागे प्रशिक्षकाच्या खांद्यावर टेकवायचं, हात छातीवरच्या पट्ट्यांना. शरीर केळ्यासारखं वाकलं पाहिजे. खांद्यावर थाप बसली की हात सोडायचे. उतरताना उलट: दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन पाय सरळ समोर उचलायचे आणि तसेच धरून ठेवायचे. नवखा माणूस जमीन जवळ आली की सवयीने पाय खाली सोडतो आणि घोटा दुखावून घेतो. घरी खुर्चीत बसून अर्धा मिनिट पाय उचलून धरता येतात का बघा. येत नसतील तर महिनाभर पोटाचा व्यायाम करा, जोर-बैठका सोडून.

खेळ शिकायचाच असेल तर

एएफएफमध्ये पहिल्याच उडीला पॅराशूट तुमच्या पाठीवर असतं आणि दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी धरून सोबत पडतात. त्याआधी जवळपास पूर्ण दिवसाचा वर्ग. अमेरिकेच्या यूएसपीए या संघटनेचा ‘ए’ परवाना जगभर ओळखला जातो. त्याला किमान २५ उड्या, लेखी-तोंडी परीक्षा, स्वतःचं पॅराशूट स्वतः पॅक करता येणं आणि ठरलेल्या खुणेपासून २० मीटरच्या आत पाच वेळा उतरून दाखवणं लागतं. परवाना मिळाला तरी ६० दिवस उडी मारली नाही तर पुन्हा प्रशिक्षकाकडून उजळणी. कोल्हापुरात राहून हा नियम पाळणं खर्चाचं आहे, हे आधी लक्षात घ्या.

यासाठी बहुतेक भारतीय परदेशी जातात; स्पेनचं एम्पुरियाब्रावा किंवा कॅलिफोर्नियातलं पेरिस ही मोठी केंद्रं. सगळा खर्च धरून अडीच-तीन लाखांच्या खाली सुटका नाही. पासपोर्टचं काम कोल्हापुरातच पोस्टाच्या सेवा केंद्रात होतं; ३६ पानांच्या साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळला २,००० जादा. व्हिसाच्या अर्जात येण्याचं कारण खरं लिहा आणि केंद्राचं बुकिंगचं पत्र जोडा. पहिल्या दिवसापासून लॉगबुक ठेवा, प्रत्येक उडीवर प्रशिक्षकाची सही घ्या. पुढे दुसऱ्या देशात गेलात की परवान्याबरोबर तेच मागतात.

कॉलेजात असाल तर आधी एनसीसी बघा

पैसे न खर्चता विमानातून उडी मारायची वाट कोल्हापुरात एकच आहे. एनसीसीच्या सीनियर डिव्हिजन (मुलगे) आणि सीनियर विंगच्या (मुली) निवडक कॅडेट्सना आग्र्याच्या हवाई दलाच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पॅरा बेसिक कोर्सला पाठवतात. तिथे उडी स्टॅटिक लाइनची, साधारण १,२५० फुटांवरून, आणि उतरण्याची जागा मालपुरा. गोल पॅराशूट वेगाने खाली आणतं, म्हणून दिवसेंदिवस एकच गोष्ट घोटून घेतात: दोन्ही पाय जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले, आणि जमीन लागताच पोटरी, मांडी, कंबर, पाठ अशा क्रमाने लोळण घ्यायची.

यासाठी वेगळा फॉर्म बाहेर मिळत नाही. कॉलेजच्या एनसीसी अधिकाऱ्याकडे नाव द्यायचं, मग बटालियनमार्फत निवड, वैद्यकीय तपासणी, पालकांची लेखी संमती आणि बॉन्ड. जागा मोजक्या आणि धावण्या-जोरांच्या चाचणीत गाळणी कडक. प्रवेश पहिल्या वर्षीच घ्यावा लागतो. शेवटच्या वर्षाला आठवण झाली तर ही वाट बंद झालेली असते.