बंदीच्या वाटेने आलेला उत्सव: त्रिनिदादच्या कार्निव्हलची पार्श्वभूमी

उत्सवांसाठी देशोदेशी जाणाऱ्या कृष्णवर्णीय प्रवाशांचे वर्षाचे वेळापत्रक पाहिले, तर त्यात काही तारखा हमखास आढळतात. ख्रिस्ती उपवासकाळाआधीचे सोमवार आणि मंगळवार त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये, ऑगस्टचा सुरुवातीचा आठवडा टोरोंटोत, ऑगस्टअखेरचे रविवार-सोमवार लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. चारही ठिकाणच्या उत्सवांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे त्रिनिदाद या कॅरिबियन बेटावरचा कार्निव्हल, म्हणजे वेश करून रस्त्यावर नाचत-गात मिरवण्याचा उत्सव. मात्र ख्रिस्ती पंचांगाशी थेट नाते आता फक्त पोर्ट ऑफ स्पेनचे उरले आहे. बाकीच्या तारखा थंडीने, सरकारी सुट्ट्यांनी आणि त्या त्या शहराच्या परवान्यांनी ठरवल्या. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत या उत्सवांचे वर्णन पिसे, चमचमते कपडे आणि संगीत एवढ्यावर संपते. प्रत्यक्षात त्यांतले मुख्य वाद्य, मिरवणूक निघण्याची वेळ आणि तिचा मार्ग यांमागे बहुतेक वेळा कोणती तरी बंदी आणि तिच्यातून लोकांनी काढलेली वाट आढळते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस त्रिनिदाद स्पेनच्या ताब्यात होते. बेटावर वस्ती वाढावी म्हणून १७८३ मध्ये स्पॅनिश दरबाराने परदेशी कॅथलिकांना तेथे जमिनी देऊ केल्या, आणि जो जितके गुलाम आणील त्या प्रमाणात त्याला जमीन जास्त मिळे. साहजिकच आसपासच्या बेटांवरील फ्रेंच मळेवाले गुलामांसह तेथे येऊन स्थिरावले, आणि १७९७ मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकून घेतल्यावरही तेथील समाजजीवनावर फ्रेंच वळणच टिकून राहिले. कार्निव्हल आणला तो या मळेवाल्यांनी. मुखवटे घालून नाच आणि एकमेकांच्या घरी मेजवान्या असे त्याचे रूप होते, आणि गुलामांना त्यात मानाने सहभागी होण्याचा प्रश्नच नव्हता. उसाच्या फडाला आग लागली की शेजारच्या मळ्यांवरील गुलामांना रात्रीच मशाली देऊन, शिंगे फुंकत आणि चाबूक वाजवत तेथे हाकलत नेले जाई, कारण जळालेला ऊस लगेच तोडून गाळला नाही तर वाया जाई. मळेवाले कार्निव्हलमध्ये शेतमजुराचा वेश करून नेमक्या याच प्रसंगाची नक्कल करीत.

गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली आणि तिच्या जागी ‘उमेदवारी’ या नावाखाली चालवलेली सक्तीची मजुरी १८३८ मध्ये संपली. त्यानंतर मुक्त झालेल्या लोकांनी ही मशालींची मिरवणूक स्वतःच्या हाती घेतली. जळालेल्या उसाला असलेल्या फ्रेंच शब्दांवरूनच तिला ‘कॅनबुले’ हे नाव मिळाले. ज्यांची नक्कल होत होती तेच आता आपला इतिहास रस्त्यावर आणत होते, आणि पुढे ही मिरवणूक कार्निव्हलच्या रविवारी मध्यरात्री निघू लागली. ढोलांच्या तालावर काठ्यांची झुंज, म्हणजे ‘कलिंदा’, चाले. प्रत्येक टोळीचा एक मुख्य गायक असे आणि तो प्रतिस्पर्ध्यांना डिवचणारी पदे रचून गाई. कॅलिप्सो या गायनप्रकाराची एक मुळी या पदांत सापडते. प्रतिष्ठित वर्ग आणि वृत्तपत्रे यांना हा सारा प्रकार असह्य वाटत होता. पोलीसप्रमुख कॅप्टन बेकर याने १८८० मध्ये लोकांकडून मशाली, काठ्या आणि ढोल काढून घेतले, तेव्हा फारसा विरोध झाला नाही. पुढच्या वर्षी मात्र एरवी एकमेकींशी लढणाऱ्या टोळ्या एकत्र आल्या आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यावर पोलिसांशी त्यांची जुंपली. अखेर गव्हर्नर फ्रीलिंग यांना जमावापुढे येऊन समजूत घालावी लागली आणि उरलेल्या उत्सवात पोलीस बराकीत राहिले.

हा विजय तीन वर्षेच टिकला. १८८४ मध्ये सरकारने मशालींवर, परवान्याशिवाय ढोल वाजवण्यावर आणि काठ्या घेतलेल्या दहा किंवा त्याहून अधिक माणसांच्या जमावावर बंदी घातली. कार्निव्हल मध्यरात्रीऐवजी सोमवारी पहाटे सुरू करण्याचा दंडक झाला. अंगाला चिखल आणि रंग फासून पहाटेच्या अंधारात निघणारा ‘जूव्हे’ हा आज परदेशी पाहुण्यांना सर्वांत आवडणारा भाग आहे, आणि त्याची वेळ ठरवली ती ब्रिटिश वसाहत सरकारने.

त्याच वर्षीची दुसरी घटना आपल्याकडील वाचकांना जवळची वाटेल. १८४५ ते १९१७ या काळात भारतातून सुमारे १ लाख ४३ हजार करारबद्ध मजूर त्रिनिदादला नेण्यात आले. त्यांतील बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधील होते. त्यांनी मोहरमचे ताबूत तेथे नेले. ‘होसे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या मिरवणुकीत शिया-सुन्नींबरोबर हिंदू मजूर चालत आणि आफ्रिकी वंशाचे शेजारीही ढोल वाजवायला येत. नेमके हे एकत्र येणेच मळेवाल्यांना नको होते. ऑक्टोबर १८८४ मध्ये सॅन फर्नांडो शहरात शिरण्यास मनाई असूनही मिरवणुका निघाल्या, तेव्हा पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला आणि त्यात किमान सोळा माणसे मारली गेली. कार्निव्हलच्या इतिहासात ही घटना बहुधा तळटीपेत जाते, आणि ते योग्य नाही, कारण दोन्ही बंद्यांमागचा विचार एकच होता. त्या मिरवणुकीतला ताशा आज त्रिनिदादच्या कार्निव्हलमध्येही वाजतो.

ढोल गेल्यावर लोक बांबूकडे वळले. वेगवेगळ्या लांबी-जाडीचे बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून किंवा एकमेकांवर ठोकून खालचे, मधले आणि वरचे सूर काढत. या ताफ्याला ‘टॅम्बू बांबू’ म्हणत. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात बांबूंच्या जोडीला बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे आणि कचऱ्याच्या पेट्यांची झाकणे आली. ठोकून पोचा पडलेल्या पत्र्यातून निराळा सूर निघतो हे पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब वस्त्यांतील तरुणांच्या ध्यानात आले आणि तेथून पुढे ‘स्टीलपॅन’ घडले. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२ ते १९४५ या काळात रस्त्यावरचा कार्निव्हल बंद होता, तरी वस्त्यांमधील प्रयोग थांबले नाहीत. त्रिनिदाद हे तेलाचे बेट असल्याने रिकामी पिंपे मिळायला तोटा नव्हता. पिंपाचा बंद तळ घणाने ठोकून कढईसारखा खोलगट करायचा, त्यावर प्रत्येक स्वराची जागा आखून तिच्या कडा खिळ्याने ठोकून वेगळ्या करायच्या, पिंप आगीवर तापवायचे आणि मग लहान हातोडीने एकेक जागा स्वरात आणायची, अशी ती कृती आहे. मुख्य धून वाजवणाऱ्या पॅनमध्ये खालचे स्वर कडेला आणि वरचे मध्यभागी असतात. खर्जासाठी पिंप जवळजवळ पूर्ण उंचीचे ठेवतात, आणि एकेका पिंपावर मोजकेच स्वर मावत असल्याने एकच वादक सहा-सहा, नऊ-नऊ पिंपे सांभाळतो. हे वाद्य वाजवणाऱ्यांना सुरुवातीची अनेक वर्षे गुंड समजले जाई. १९९२ मध्ये ते देशाचे राष्ट्रीय वाद्य ठरले, आणि त्रिनिदाद व टोबॅगोच्या राजचिन्हातील कोलंबसच्या तीन जहाजांच्या जागी स्टीलपॅन आणण्याचा निर्णय सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला.

हा उत्सव समुद्रापार गेला तो माणसांबरोबर. १९५१ मध्ये त्रिनिदादमधील निवडक वादकांचा ‘टॅस्पो’ हा ताफा ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’साठी लंडनला गेला. गंजलेली पिंपे पाहून हसणारे श्रोते संगीत सुरू झाल्यावर चकित झाले, असे त्या कार्यक्रमाबद्दल सांगितले जाते. ताफा परतला, पण स्टर्लिंग बेटनकोर्ट हा त्यातील एक वादक लंडनमध्येच राहिला. त्याच्या आगेमागे कॅरिबियन बेटांवरून हजारो लोक ब्रिटनमध्ये येत होते. युद्धानंतर मनुष्यबळाची टंचाई होती, त्यामुळे त्यांना कामे मिळत, पण राहायला खोली मिळणे कठीण होते. ऑगस्ट १९५८ च्या अखेरीस नॉटिंग हिल भागात गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी कृष्णवर्णीयांवर आणि त्यांच्या घरांवर हल्ले केले आणि ते कित्येक दिवस चालू राहिले.

यानंतर पुढाकार घेतला तो क्लॉडिया जोन्स यांनी. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये जन्मलेल्या, न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या आणि साम्यवादी असल्याबद्दल १९५५ मध्ये अमेरिकेने हद्दपार केलेल्या जोन्स लंडनमध्ये ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ हे वृत्तपत्र चालवीत होत्या. दंगलीचा कडवटपणा धुऊन काढण्यासाठी त्यांनी कार्निव्हलचा मार्ग निवडला. ३० जानेवारी १९५९ रोजी, म्हणजे त्रिनिदादच्या हंगामाच्या सुमारास पण लंडनच्या ऐन हिवाळ्यात, सेंट पँक्रास टाउन हॉलमध्ये पहिला कार्यक्रम झाला आणि बीबीसीने तो दूरचित्रवाणीवर दाखवला. त्या वेळच्या स्मरणिकेच्या विक्रीतील काही भाग दंगलीसंबंधी खटल्यांत दंड झालेल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या तरुणांच्या मदतीसाठी होता. १९६४ च्या डिसेंबरमध्ये जोन्स यांचे निधन होईपर्यंत हे कार्यक्रम सभागृहातच होत राहिले.

रस्त्यावर येण्याचे श्रेय वेगळ्या गटाकडे जाते. नॉटिंग हिलमधील समाजसेविका रोन लॅसलेट यांनी १९६६ मध्ये वस्तीतील सर्व समाजांच्या मुलांसाठी जत्रा भरवली आणि रसेल हेंडरसन यांच्या स्टीलपॅन ताफ्याला बोलावले. त्या ताफ्यात बेटनकोर्टही होता. एकाच जागी वाजवण्याऐवजी हेंडरसन यांनी गळ्यात पॅन अडकवून चालायला सुरुवात केली, त्यांच्यामागे मुले निघाली, मग मोठी माणसे निघाली, आणि आखलेला मार्ग नसताना मिरवणूक झाली. या उत्सवाची खरी जननी जोन्स की लॅसलेट, हा वाद अजूनही रंगतो. माझ्या मते तो फारसा फलदायी नाही, कारण एकीने कल्पना रुजवली आणि दुसरीने जागा दिली. पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यावर शिकलेले वादक नसते, तर दोघींचेही काम अपुरे राहिले असते. १९७३ मध्ये लेस्ली पामर यांनी जमैकन पद्धतीच्या साउंड सिस्टिम, म्हणजे मोठ्या ध्वनिवर्धकांवर ध्वनिमुद्रित संगीत वाजवणारे ताफे, आणून उत्सव सर्व बेटांचा केला. १९७६ मध्ये सुमारे तीन हजार पोलीस उतरवले गेले आणि उत्सवाचा शेवट दगडफेकीत आणि धुमश्चक्रीत झाला. तेव्हापासून हा उत्सव उद्यानात हलवा, बंदिस्त करा, अशी मागणी लंडनमध्ये ठराविक काळाने होतेच.

न्यूयॉर्कमध्येही असेच घडले. हार्लेममधील त्रिनिदादी मंडळी आधी नाचघरांत कार्निव्हल साजरा करीत, कारण फेब्रुवारीच्या बर्फात मिरवणूक शक्य नव्हती. १९४७ मध्ये त्यांनी सप्टेंबरच्या कामगार दिनी रस्त्याचा परवाना मिळवला. साठच्या दशकात तो रद्द झाला, आणि १९६९ मध्ये उत्सव ब्रुकलिनच्या ईस्टर्न पार्कवेवर गेला. टोरोंटोचा उत्सव १९६७ मध्ये कॅनडाच्या शताब्दीनिमित्त सुरू झाला.

रस्त्यावर वाढलेल्या या परंपरेबरोबर सरकारांनी भरवलेल्या उत्सवांची दुसरी परंपराही आहे. सेनेगलचे कवी-राष्ट्राध्यक्ष सेंघोर यांनी १९६६ मध्ये डकार येथे कृष्णवर्णीय कलांचा पहिला जागतिक महोत्सव घेतला. त्याचाच दुसरा अवतार ‘फेस्टॅक’ जानेवारी-फेब्रुवारी १९७७ मध्ये नायजेरियाने तेलाच्या पैशावर लागोसमध्ये भरवला. त्याचे बोधचिन्ह होते आजच्या नायजेरियातील जुन्या बेनिन राज्याच्या राणी इदियाचा हस्तिदंती मुखवटा; मूळ मुखवटा ब्रिटिश म्युझियमने द्यायला नकार दिला, म्हणून प्रतिकृतीवर काम भागवावे लागले. नायजेरियातील सर्वांत लोकप्रिय गायक फेला कुटी यांनी या महोत्सवावर बहिष्कार घातला होता, आणि तो संपल्यावर आठवडाभरातच सैनिकांनी त्यांचे घर जाळले. सरकारी उत्सवाच्या मर्यादा समजून घ्यायला एवढे पुरे आहे. घानाने १९९२ पासून केप कोस्ट आणि एल्मिना येथे ‘पॅनाफेस्ट’ सुरू केला आणि व्हर्जिनियात आफ्रिकी बंदिवान आणले गेल्याला चारशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने २०१९ हे परतीचे वर्ष म्हणून जाहीर केले, तेव्हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय पाहुणे मोठ्या संख्येने घानाची राजधानी अक्राकडे आले.

या प्रवाशांची बाजारपेठ अलीकडे ठळक झाली असली, तरी गरज जुनी आहे. हार्लेममधील टपाल कर्मचारी व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून, कृष्णवर्णीयांना कोणत्या हॉटेलात खोली आणि कोणत्या उपाहारगृहात जेवण मिळेल हे सांगणारी मार्गदर्शिका छापली आणि ती साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत चालली. ज्यांना वाटेत मुक्कामाची शाश्वती नव्हती, त्यांच्या दृष्टीने आपल्याच लोकांनी भरवलेला उत्सव म्हणजे जेथे कोणी हटकणार नाही असे ठिकाण होते. न्यू ऑर्लिन्समध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांसाठीच्या ‘इसेन्स’ मासिकाच्या पंचविशीनिमित्त १९९५ मध्ये एकदाच म्हणून भरवलेला महोत्सव वार्षिक झाला, त्यामागेही बहुधा हीच ओढ होती.

आता प्रश्न पैशाचा आणि जागेचा आहे. त्रिनिदादमध्ये मोठे ‘मास’ ताफे, म्हणजे एकसारखे वेश करून मिरवणुकीत नाचणारे गट, पोशाख, खाणेपिणे आणि सुरक्षा यांचे एकत्रित शुल्क घेतात आणि परदेशातून येणारे ते भरतात. दोरखंडाच्या आत नाचणारे आणि बाहेरून पाहणारे असा भेद त्यातून पडतो, आणि त्यावर तेथील कॅलिप्सो गायक दर हंगामात तिखट पदे रचतात. लंडनचा उत्सव अजूनही विनातिकीट आहे. दोन दिवसांत दहा लाखांहून अधिक लोक अरुंद गल्ल्यांतून जातात, बंदोबस्ताचा खर्च दरवर्षी वाढतो, आणि २०२५ मध्ये आयोजकांना सरकारकडे तातडीच्या निधीची मागणी करावी लागली. तिकीट लावावे आणि उत्सव मोकळ्या मैदानात न्यावा ही सूचना पुन्हा पुढे आली आहे, आणि रस्त्यावर चालत जाणे हाच कार्निव्हल असे मानणारे तिला पुन्हा विरोध करीत आहेत.