फॉस्फेट, जलतरण तलावातील

घरगुती जलतरण तलावाच्या पाण्यात विरघळलेला, शैवलांना पोषक ठरणारा फॉस्फरसयुक्त घटक. तो मुख्यतः ऑर्थोफॉस्फेटाच्या, म्हणजे साध्या सुट्या फॉस्फेटाच्या, रूपात असतो व त्याचे प्रमाण पीपीबीमध्ये, म्हणजे लिटरला मायक्रोग्रॅममध्ये, सांगतात. आकडा फॉस्फेटाचा आहे की नुसत्या फॉस्फरसाचा हे आधी पाहावे लागते, कारण पहिला दुसऱ्याच्या सु. ३.०७ पट असतो.

पालापाचोळा, पावसाबरोबर वाहून येणारी माती, साबण आणि खते यांतून फॉस्फेट तलावात येते. हिरवळीला घालताना मूठभर, म्हणजे सु. ५० ग्रॅ. डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट हे खत) ५०,००० लिटरच्या तलावात सांडले, तर फॉस्फेट सु. ६०० पीपीबीने वाढते. ब्रिटनमध्ये जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरू नये म्हणून पिण्याच्या पाण्यातच ऑर्थोफॉस्फेट मिसळतात. तेथे तलाव भरतानाच ते त्यात उतरते. पाण्यातील धातूंचे डाग पडू नयेत म्हणून वापरली जाणारी फॉस्फोनेट द्रव्ये (फॉस्फरसयुक्त सेंद्रिय संयुगे) हाही एक स्रोत आहे. फॉस्फेट मोजण्याच्या नेहमीच्या मोलिब्डेट परीक्षेत निळा रंग येतो तो केवळ ऑर्थोफॉस्फेटामुळे. फॉस्फोनेट तीत दिसत नाही, पण क्लोरीन त्याचे हळूहळू विघटन करतो आणि आदल्या आठवड्यात कमी झालेला आकडा पुन्हा चढलेला आढळतो.

फॉस्फेट किती असावे याबद्दल मतभेद आहेत. तलाव-व्यवसायात १०० ते १२५ पीपीबी ही मर्यादा बऱ्याच काळापासून सांगितली जाते, तर काही जण ५०० पीपीबीपर्यंत काळजीचे कारण मानीत नाहीत. सरोवरांत एकूण फॉस्फरस लिटरला सु. ३० मायक्रोग्रॅमच्या पुढे गेल्यास पाणी अतिपोषित, म्हणजे शैवले माजण्याइतके पोषक, होऊ लागल्याचे मानतात. फॉस्फेटात मोजल्यास हा आकडा सु. ९० पीपीबी भरतो. पहिल्या मर्यादेशी असलेले त्याचे साम्य केवळ योगायोगाचे नसावे. कॅनडातील प्रायोगिक सरोवरांत १९७० च्या दशकात डेव्हिड शिंडलर या सरोवरशास्त्रज्ञांनी एका सरोवराचे पडद्याने दोन भाग केले. दोन्हींत कार्बन व नायट्रोजन घातले, फॉस्फरस मात्र एकातच, आणि तेवढाच भाग हिरवा झाला. तथापि सरोवरात क्लोरीन नसतो. मुक्त क्लोरीन, म्हणजे अजून खर्च न झालेला क्लोरीन, पुरेसा असेल तर शैवले वाढण्याच्या वेगापेक्षा मरण्याचा वेग अधिक राहतो, मग अन्न कितीही असो. त्यामुळे फॉस्फेट हे हिरव्या पाण्याचे मूळ कारण नसून क्लोरीन कमी पडल्यावर वाढ झपाट्याने होऊ देणारी परिस्थिती आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. वरील डीएपीच्या उदाहरणात त्याच मुठीतील अमोनिया लिटरला सु. १.४ मिग्रॅ. क्लोरीन संपवू शकतो, आणि तात्काळ धोका त्यातच अधिक असतो.

क्लोरीन पुरेसा आहे की नाही हे सामू (पीएच) आणि पाण्यात मिसळलेले सायन्युरिक आम्ल यांवर ठरते. सामू ७.२ ते ७.८ ठेवतात. सायन्युरिक आम्ल क्लोरीनला उन्हापासून जपते, पण त्याची धारही बोथट करते. म्हणून मुक्त क्लोरीन या आम्लाच्या सु. ७.५ टक्के ठेवण्याचा प्रघात आहे. ट्रायक्लोर या सायन्युरिक आम्लयुक्त क्लोरीन-द्रव्याच्या वड्यांतून रोज लिटरला २ मिग्रॅ. क्लोरीन दिल्यास महिन्याभरात हे आम्ल लिटरला सु. ३६ मिग्रॅ.ने वाढते. मग पूर्वीइतकाच क्लोरीन अपुरा पडून पाणी हिरवे होते आणि दोष फॉस्फेटावर जातो.

फॉस्फेट काढण्यासाठी बहुधा लँथॅनम या धातूचे क्लोराइड वापरतात. त्यापासून लँथॅनम फॉस्फेटाचा अविद्राव्य साका बनतो. ५०,००० लिटरमधील १,००० पीपीबी फॉस्फेटासाठी, म्हणजे ५० ग्रॅमसाठी, सु. ७३ ग्रॅ. लँथॅनम लागते, लँथॅनमचा काही भाग पाण्यातील कार्बोनेटाशी संयोग पावत असल्याने प्रत्यक्षात अधिक लागते व क्षारताही थोडी उतरते. द्रव्य ओतल्यावर पाणी ताकासारखे पांढुरके होते, वाळूच्या फिल्टरचा दाब चढतो आणि बॅकवॉश करावा, म्हणजे पाणी उलट सोडून फिल्टर धुवावा लागतो. पंप बंद असेल तर साका तळाशी पांढऱ्या धुळीसारखा बसतो.

लोणावळा, अलिबाग येथील बंगल्यांत तलाव बोअरच्या पाण्याने भरल्यास ते पुष्कळदा दुष्फेन (जड) असते, आणि टीसीएल या विरंजक चुन्याच्या पावडरीने त्यात आणखी कॅल्शियमाची भर पडते. फरशांच्या कडेला पाण्याच्या रेषेवर धरणारी पांढरी पुटे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटाची असतात, वरील साक्याची नव्हेत.