चिलमीतला खडा

चिलीम फुटली तर आबा काही बोलत नसत. खडा हरवला की मात्र घर डोक्यावर घेत. "मना खडा कोठे शे रे?" अशी हाक ओसरीवरून आली की आम्ही पोरं सुपातल्या धान्यात, गोधडीच्या घडीत, केरसुणीच्या मागे शोधत सुटायचो. चिलीम बाजाराच्या दिवशी कुंभाराकडे चार-दोन रुपयांत मिळे. खडा मिळत नसे. तो त्यांनी पांझरेच्या पात्रातून स्वतः वेचून आणलेला होता. काळा, बोराएवढा, एका बाजूने चपटा आणि दोन बाजूंनी गोलसर.

खड्यासाठी एवढा जीव का टाकायचा, हे तेव्हा कळलं नाही. बारावीनंतर द्रवगतिकी, म्हणजे पाणी-हवा कशी वाहते त्याचं शास्त्र, शिकलो, पुढे ठिबकच्या नळ्यांशी रोजचा संबंध आला, तेव्हा कुठे लक्षात आलं की आबांच्या कनवटीला एक नेमकं यंत्र होतं. जगभरचे पाइप ओढणारे आज हवा मोकळी जावी म्हणून जाळ्या, चिनीमातीच्या गोळ्या, फिल्टर असं काय काय विकत घेतात. या साऱ्या सरंजामाचं काम तो एकटा खडा फुकटात करत होता.

आधी चिलीम नीट पाहू. ती एक निमुळती मातीची नळी असते. वरचं तोंड रुंद, त्यात तंबाखू आणि वर विस्तव. खाली ती करंगळीएवढी अरुंद होते, तिथे छापी, म्हणजे ओलं फडकं, गुंडाळायची आणि मुठीतून दम मारायचा. आत तंबाखू टिकवायला पडदा वगैरे काही नाही. तोंडाने ओढलं की चुरा, राख, जळता कण सगळं घशाकडे निघालं पाहिजे. ते निघत नाही, कारण नळी जिथे निमुळती होते तिथे खडा अडकून बसलेला असतो.

अडकून बसतो म्हणजे भोक बुजवतो का? इथेच गंमत आहे. भोक गोल आणि खडा वेडावाकडा. तो तीन ठिकाणी टेकतो आणि त्या तीन टेकूंच्या मध्ये चंद्रकोरीसारख्या तीन फटी उरतात. हवा त्या फटींतून जाते, तंबाखूचं पान जात नाही. खडा गोटीसारखा अगदी गोल असता तर बूच बसल्यासारखा बसला असता आणि आबांचा दमच कोंडला असता. त्याचा बेढबपणा हाच त्याचा गुण.

आता थोडं गणित. नळीतून हवा वाहते ती दोन टोकांच्या दाबातल्या फरकामुळे. गाल आत ओढले की तोंडातला दाब किंचित कमी होतो आणि बाहेरची हवा विस्तवातून, तंबाखूतून, नळीतून आत येते. सिगारेटच्या प्रयोगशाळेतलं यंत्र पूर्वापार एक झुरका ३५ मिलिलिटरचा, दोन सेकंदांचा धरत आलं आहे. तोच वेग इथे घेऊ. चार मिलिमीटर व्यासाच्या नळीत एवढी हवा सेकंदाला साधारण १.४ मीटर वेगाने जाते. म्हणजे शांतपणे, थरांथरांनी, भोवरे न करता.

अशा शांत प्रवाहाचा नियम १८४० च्या आसपास दोघांनी वेगवेगळा शोधला. हागेन हा जर्मन अभियंता पाण्याच्या नळ्यांवर काम करत होता, तर पॉइझय हा फ्रेंच डॉक्टर बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं हे तपासत होता. नियम असा की नळीतून जाणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. चौथ्या घाताची ही मेख ऐकताना जाणवत नाही, आकडा घातला की जाणवते. चार मिलिमीटरच्या नळीला आतून चहूबाजूंनी फक्त अर्ध्या मिलिमीटरचा कीट चढला तर व्यास तीन मिलिमीटर उरतो. तीन भागिले चार, त्याचा चौथा घात ०.३२. म्हणजे तेवढ्याच ओढीला एक तृतीयांशाहूनही कमी हवा येणार. आबा दर दोन-तीन दिवसांनी कपाशीची काडी घालून चिलीम का खरवडत, त्याचं उत्तर या एका आकड्यात आहे.

पण खरं सांगायचं तर स्वच्छ नळीचा अडथळा अगदीच क्षुल्लक. मी हिशेब करून पाहिला. वीतभरापेक्षा थोड्या आखूड, चार मिलिमीटरच्या नळीला त्या झुरक्यासाठी लागणारा दाब पाण्याच्या एक मिलिमीटर उंचीएवढासुद्धा भरत नाही. मग दम का कोंडतो? तंबाखूमुळे. ठासून भरलेला चुरा हा वाळूच्या थरासारखा असतो. अशा सच्छिद्र थरातून पाणी कसं झिरपतं हे हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी तपासलं आणि १८५६ साली प्रसिद्ध केलं. थरातले कण जितके बारीक, तितकी वाट बिकट. कण अर्ध्या आकाराचे झाले तर वाट दुप्पट नाही, जवळजवळ चौपट अवघड होते. आणि सगळा बारीक, दमट चुरा जाऊन साचतो कुठे? नेमका सर्वांत अरुंद जागी, म्हणजे चिलमीच्या घशाशी. तिथे एकच भोक असेल तर एक ओलं पान आडवं पडलं की खेळ खलास. तीन फटी असतील तर एक बुजली तरी दोन उरतात.

मग तीनच का, तीस भोकं पाडावीत! इथे तोच चौथा घात आडवा येतो. चार मिलिमीटरच्या एका भोकाऐवजी दोन मिलिमीटरची चार भोकं पाडली तर क्षेत्रफळ तेवढंच राहतं, पण प्रत्येकातून सोळाव्या भागाएवढा प्रवाह, म्हणजे चौघांचा मिळून पाव. धातूच्या बारीक जाळीला हा दंड फारसा बसत नाही, कारण जाळी कागदासारखी पातळ असते आणि अडथळा लांबीच्या प्रमाणात वाढतो. जाळीचं दुखणं निराळं: तिची घरं धुरातल्या चिकट डांबराने दोन दिवसांत लिंपली जातात. खड्यालाही डांबर लागतं, पण त्याला विस्तवात टाकून लालसर केलं की पुन्हा कोरा.

गेल्या उन्हाळ्यात मी एक पोरखेळ करून पाहिला. तंबाखू घरात आणायची नव्हती, म्हणून वाळलेली मेथी चुरली आणि तिला पाण्याचा हात लावला. दोन लिटरच्या बाटलीत पाणी भरलं, बुडाला भोक पाडून बोट धरलं, तोंडावर चिलीम बसवली आणि सांधा भिजवलेल्या कणकेने लिंपला. बोट काढलं की खालून पाणी जाणार आणि त्याची जागा घ्यायला हवा चिलमीतूनच आत येणार. दमच, पण न थकणारा. खडा न घालता मेथी भरली तेव्हा आधी थोडा चुरा सरळ बाटलीत उतरला, मग उरलेला घशात दाटून बसला आणि पाण्याची धार बारीक होत होत थेंबांवर आली. आबांचा खडा घालून पुन्हा भरली. धार शेवटपर्यंत धारच राहिली. बायकोने कणकेचा हिशेब मागितला तो भाग वेगळा.

ज्यांच्याकडे केळी आहे त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत ठिबकची नळी अंथरलेली असते. तिच्यातल्या ड्रिपरला तासाला चार-दोन लिटरच पाणी सोडायचं असतं. त्यासाठी सरळ बारीक भोक पाडलं तर ते इतकं बारीक पाडावं लागेल की पहिल्याच गाळाने बुजेल. म्हणून ड्रिपर कापून पाहा, आत नागमोडी वाट दिसेल. वाट त्या मानाने रुंद, पण वळणंच वळणं. पाणी प्रत्येक वळणावर आपटतं आणि दाब गमावतं, कण मात्र निसटून जातो. अडथळा हवा असेल तर तो अरुंदपणातून न घेता आकारातून घ्यायचा. आणि वर बोअरपाशी १२० मेशची, म्हणजे इंचाला १२० घरांची जाळी, साधारण १३० मायक्रॉनची, जेणेकरून मोठा कण आत शिरूच नये. खडा या दोन्ही कामांचा जोडधंदा करतो.

कोणताही खडा चालत नाही. आबांच्या बटव्यात गारगोटीही असे, पण ती चकमकीसाठी. ती चिलमीत घालायला गेलो तर हातावर चापट बसायची. "ती तडकस," एवढंच कारण. कारण बरोबर आहे. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. तापली की ती काळ्या पाषाणापेक्षा जास्त फुगते आणि ५७३ अंश सेल्सिअसला तिच्या स्फटिकाची रचनाच बदलून आकारमान एकदम वाढतं. घशाशी एवढी धग नसते, पण खडा साफ करायला विस्तवात टाकला की असते. खानदेशात या काळ्या पाषाणाला, बेसाल्टला, काय तोटा! सगळं दख्खनच लाव्ह्याचं, त्यात धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून भिंतीसारख्या उभ्या निघालेल्या काळ्या दगडाच्या रांगा. त्यांचे झिजलेले तुकडे नदीत मुबलक. मात्र भोकाभोकांचा खडा आबा घेत नसत. त्या भोकांत पाणी मुरतं आणि तापल्यावर वाफ होऊन खडा फुटतो.

लाकडी पाइपवाल्यांचं दुखणं थोडं वेगळं आहे. त्यांच्या नळीचं भोक साधारण चार मिलिमीटरचं, लांब आणि दोन तुकड्यांत जोडलेलं. तंबाखू जळताना पाण्याची वाफ निघतेच, पानातला ओलावाही बाहेर पडतो. ती वाफ थंड नळीत, विशेषतः जोडापाशी, थेंब होऊन साचते आणि पाइप गुडगुडायला लागतो. आयर्लंडमधल्या चार्ल्स पीटरसनने १८९० साली यावर पेटंट घेतलं: नळीच्या आधी एक छोटी विहीर, थेंब तिच्यात पडावेत आणि कोरडा धूर वरच्या वाटेने जावा. नंतर तारेवर सूत गुंफलेली पाइप साफ करायची काडी आली. युरोपात नऊ मिलिमीटरचे कोळशाचे फिल्टर आले. यातली साधी काडी मला सर्वांत पटते, बाकीचं बरंचसं हौसेचं.

आपल्याकडे हे ओलाव्याचं काम छापी करते, उलट्या बाजूने. ओल्या फडक्यातलं पाणी उडताना उष्णता घेतं, माठासारखं. गरम धूर त्यातून जाताना गार होतो आणि डांबराचा काही भाग कापडावर उतरतो. जुनी छापी काळीकुट्ट आणि चिकट झालेली ज्याने पाहिली असेल त्याला पुरावा वेगळा नको.

हवा मोकळी झाली की सगळं चांगलंच होतं असंही नाही. चूल फुंकणीने फुंकली की काय होतं ते आपण पाहतो. चिलमीतही हवा फार मोकळी झाली की विस्तव भडकतो, धूर तापतो, जीभ पोळते. म्हणून चिलीम भरणारा जाणता माणूस खाली सैल आणि वर थोडं दाबून भरत असे.

आणि आता तो प्रश्न, जो कोणीतरी विचारणारच. खडा, छापी, फिल्टर, हुक्क्याचं पाणी यांनी धूर निर्धोक होतो का? नाही. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू पाण्यात जेमतेम विरघळतो, कोळशाला चिकटत नाही, फडक्यातून तर सरळ जातो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला मात्र तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली सांगितलं की तासभराच्या हुक्क्यात एका सिगारेटच्या १०० ते २०० पट धूर आत जाऊ शकतो. पाण्यामुळे तो गार लागतो, म्हणून माणूस जास्त ओढतो. पाइपवाले धूर छातीत घेत नाहीत म्हणून सुटतात हाही गैरसमज जुनाच. सोमरिंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १७९५ सालीच पाइप ओढणाऱ्यांच्या ओठाला होणाऱ्या कर्करोगाकडे बोट दाखवलं होतं.

हवेच्या वाटेशी खेळून झालेली सर्वांत मोठी फसगत मात्र 'लाइट' सिगारेटची. फिल्टरभोवती सुईच्या टोकाएवढी भोकं पाडली. झुरक्याबरोबर बाहेरची हवा मिसळली, प्रयोगशाळेतल्या झुरके मारणाऱ्या यंत्राने डांबर कमी मोजलं. पण यंत्राला बोटं नसतात आणि तलफही नसते. माणसाच्या बोटांनी, ओठांनी भोकं झाकली गेली, झुरके लांबले, आणि शरीरात जायचं ते गेलंच. अमेरिकेत पाकिटावर 'लाइट', 'माइल्ड' असे शब्द छापायला २०१० पासून मनाई झाली.

तंबाखू आपल्याकडे आली तीही फार जुनी नाही. असद बेग या सरदाराने विजापूरहून ती अकबराच्या दरबारात नेली, १६०४ च्या आसपास. दक्षिणेतून आग्र्याला जाणारा मोठा रस्ता तेव्हा बुऱ्हाणपुरावरून, म्हणजे खानदेशच्या राजधानीवरूनच जाई. बादशहाने एक-दोन झुरके घेतले आणि हकीम आडवा आला. जहांगीराने १६१७ मध्ये बंदीच घातली. तिचं काय झालं ते आमच्या ओसरीवर दिसतच होतं.

आबांनी चिलीम सोडली ती खोकल्यामुळे, शेवटच्या चार वर्षांत. खडा सोडला नाही. तो कनवटीला असायचा, बोलताना अंगठ्याने चाळवत राहायचे. त्यामुळे त्याची एक बाजू आता आरशासारखी गुळगुळीत झाली आहे. बाटलीच्या प्रयोगात तो त्या बाजूने टेकला की एक फट बुजते. बसवताना फिरवून बसवावा लागतो.