जेमसिटाबिन

स्वादुपिंडाच्या कर्करोगावर शिरेतून दिले जाणारे केमोथेरपीचे औषध. अमेरिकेतील एली लिली कंपनीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते तयार झाले, तेही विषाणूंवरचा उपाय म्हणून.

डीएनएच्या चार घटकांपैकी डीऑक्सिसायटिडिनची ही नक्कल आहे. त्यातील शर्करेच्या एका कार्बनवरचे दोन हायड्रोजन काढून तिथे फ्लोरिनचे दोन अणू बसवले आहेत, एवढाच फरक. विभाजनाच्या तयारीतली पेशी ही नक्कल खरी समजून डीएनएच्या माळेत ओवते. पुढे आणखी एकच मणी ओवला जातो आणि माळ खुंटते. खोटा मणी टोकाला नसून त्याच्या आत दडलेला असल्याने दुरुस्ती करणाऱ्या विकरांना तो सहज उपटता येत नाही. शिवाय हेच औषध खऱ्या मण्यांचे उत्पादनही रोखते. खरा माल तुटला की खोटा अधिक खपतो.

१९९६ साली अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्याला या आजारासाठी मान्यता दिली. चाचणीत मध्यक आयुर्मान ५.६५ महिने निघाले, फ्लुरोयुरासिल या जुन्या केमोथेरपी औषधावर ४.४१. नुसते आकडे पाहिले तर लाभ तुटपुंजाच. पण चाचणीचा मुख्य निकष वेगळा होता: वेदना, वेदनाशामकांची गरज, रोजचे हिंडणेफिरणे आणि वजन. यांत टिकाऊ सुधारणा सुमारे २४ टक्के रुग्णांत दिसली. फ्लुरोयुरासिलवर ती ५ टक्क्यांच्या आसपास होती. या औषधाचे मोल महिन्यांपेक्षा इथे जास्त कळते.

पांढरी भुकटी सलाइनमध्ये विरघळवून साधारण अर्ध्या तासात देतात. विरघळवलेली भुकटी फ्रिजमध्ये ठेवली तर तिचे खडे होऊ शकतात. सावकाश दिले तर कमी बाधेल हा समजही इथे चुकतो: तासापेक्षा जास्त वेळ लावल्यास विषारीपणा वाढतो. सहसा आठवड्यातून एकदा असे तीन डोस आणि चौथा आठवडा विश्रांतीचा. प्रत्येक डोसआधी रक्त तपासतात, कारण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात. त्या फार उतरल्या तर डोस कमी करतात किंवा पुढे ढकलतात. केस विरळ होतात, पण पूर्ण टक्कल क्वचितच पडते. औषधानेही ताप येतो. तरी पेशी घटलेल्या असताना आलेला ताप संसर्गाचा असू शकतो, म्हणून तो अंगावर काढायचा नसतो.

आता प्रकृती धडधाकट असल्यास जेमसिटाबिनला नॅब-पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या केमोथेरपी औषधाची जोड देतात, किंवा त्याऐवजी फोल्फिरिनॉक्स हे अनेक औषधांचे मिश्रण वापरतात. इतका मारा न झेपणाऱ्या अशक्त रुग्णाला मात्र आजही एकटे जेमसिटाबिन दिले जाते.