शेत शेतकऱ्याचं, वायू सरकारचा: ऑस्ट्रेलियातल्या पक्षांच्या कोलांटउड्यांची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियात जमीन शेतकऱ्याच्या नावावर असते. तिच्या पोटातलं तेल आणि वायू मात्र सरकारच्या मालकीचा. परवाना राज्य सरकार देतं. मग कंपनी शेतकऱ्याकडे ये-जा आणि भरपाईचा करार घेऊन येते, आणि तो अडून बसला तर प्रकरण लवादाकडे किंवा न्यायालयात जातं. भरपाईसाठी घासाघीस करता येते, कायमचा नकार देणं जवळपास अशक्य. ‘कोल सीम गॅस’वरून तिथल्या पक्षांची जी ओढाताण झाली, तिचं मूळ इथे आहे.

हा वायू म्हणजे मिथेन. कोळशाच्या थरात तो पाण्याच्या दाबाने अडकलेला असतो. बोअर मारून आधी पाणी उपसायचं. दाब उतरला की वायू सुटतो. आपल्याकडे राणीगंजच्या पट्ट्यातही तो असाच काढतात. वर येणारं पाणी खारं असतं, आणि ज्या भागात गुरंढोरं भूजलावर जगतात तिथे शेतकऱ्याची झोप उडायला एवढं पुरेसं आहे.

सुरुवात क्वीन्सलंडची. तिथल्या लेबर (मध्यम-डाव्या) पक्षाच्या सरकारने 2000 मध्येच विजेचा ठरावीक वाटा वायूपासून घेण्याचं धोरण आखलं. पुढे अ‍ॅना ब्लाय यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात ग्लॅडस्टनजवळच्या कर्टिस बेटावर वायू द्रवरूप करून निर्यात करणाऱ्या तीन प्रकल्पांना मंजुरी मिळाली. ते भरायचे तर विहिरी हजारोंनी हव्यात. त्या खोदल्या गेल्या चिंचिला, डॅल्बी, रोमा या गावांभोवती, सुरत खोऱ्यात (हो, गुजरातच्या सुरतेवरूनच पडलेलं नाव). 2010 मध्ये ‘लॉक द गेट’ ही आघाडी उभी राहिली आणि शेतांच्या फाटकांवर पिवळ्या त्रिकोणी पाट्या लागल्या. तिचे अध्वर्यू ड्रू हटन हे क्वीन्सलंडच्या पर्यावरणवादी ग्रीन्स पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या बाजूने बोलायला उभे राहिले ते सिडनीचे उजवे रेडिओ निवेदक अ‍ॅलन जोन्स! एरवी ही दोन माणसं एका व्यासपीठावर दिसणं अवघडच.

खरी गोची झाली नॅशनल्स पक्षाची. 1920 मध्ये ‘कंट्री पार्टी’ म्हणून जन्मलेला हा शेतकऱ्यांचा पक्ष, पण सत्तेत उजव्या लिबरल्स पक्षाचा जोडीदार, आणि खाणकामातून येणारा रोजगार व महसूलही त्याला हवा. त्याचे माजी नेते आणि देशाचे उपपंतप्रधान राहिलेले जॉन अँडरसन हे न्यू साउथ वेल्समधल्या पिलिगा जंगलात वायू शोधणाऱ्या ‘ईस्टर्न स्टार गॅस’चे अध्यक्ष होते. बेकायदेशीर काही नाही, पण ज्याच्या शेतात सर्वेक्षणाची गाडी उभी आहे त्याला यातून काय दिसणार, ते उघड आहे. ती कंपनी 2011 मध्ये सँटोस या तेल-वायू कंपनीने विकत घेतली.

दिल्लीत असतं तसंच कॅनबेरातही: सरकार काठावर असलं की अपक्षांना भाव येतो. न्यू साउथ वेल्समधल्या न्यू इंग्लंडचे अपक्ष खासदार टोनी विंडसर यांच्या रेट्यामुळे केंद्रातल्या गिलार्ड यांच्या लेबर सरकारने 2013 मध्ये पर्यावरण कायद्यात पाण्याची अट घातली. भूजलावर मोठा परिणाम करू शकणाऱ्या वायू आणि कोळसा प्रकल्पांची तपासणी तेव्हापासून केंद्राकडेही आली.

न्यू साउथ वेल्समध्ये शोधपरवान्यांची खिरापत मुख्यतः लेबरच्या काळातली. 2011 मध्ये सत्ता गेली आणि लेबरला शेतकऱ्यांचं दुःख दिसू लागलं. परवाने निस्तरण्याची पाळी लिबरल-नॅशनल सरकारवर आली. त्याने 2013 मध्ये वस्तीपासून दोन किलोमीटरच्या आत नव्या वायूविहिरींना मनाई केली. तरी 2014 मध्ये लिस्मोरजवळच्या बेंटली इथे हजारो लोक मेटगास्को कंपनीच्या वाटेत तळ ठोकून बसले. मे महिन्यात सरकारने परवाना स्थगित केला. न्यायालयाने ती स्थगिती बेकायदा ठरवली, तेव्हा अडीच कोटी डॉलर मोजून परवानाच परत घ्यावा लागला. मधल्या काळात, मार्च 2015 च्या निवडणुकीत, मतदारसंघ स्थापन झाल्यापासून नॅशनल्सच्या ताब्यात असलेलं बॅलिना ग्रीन्सने जिंकलं. तोवर लेबरनेही त्या भागात कायमच्या बंदीचं आश्वासन दिलं होतं.

व्हिक्टोरियात उलटंच घडलं. तिथे कोल सीम गॅसवरची 2012 ची स्थगिती लिबरल-नॅशनल सरकारची, 2017 ची कायमची बंदी लेबरची. 2021 मध्ये ती राज्यघटनेतही गेली. म्हणजे एकच लेबर पक्ष एका राज्यात निर्यातीचा पुरस्कर्ता, दुसऱ्या राज्यात बंदीचा. भूमिका पक्षावर कमी आणि राज्याच्या तिजोरीत वायूचा महसूल किती येतो यावर जास्त ठरते, असं माझं मत आहे.

निर्यात सुरू झाल्यावर देशांतर्गत वायूचे दरही वर गेले आणि ‘आणखी विहिरी खोदा’ हा युक्तिवाद परत आला. जानेवारी 2020 मध्ये केंद्रातल्या मॉरिसन यांच्या लिबरल-नॅशनल सरकारने न्यू साउथ वेल्सशी करार करून बाजारात वर्षाला 70 पेटाज्यूल (ऊर्जेचं एकक) जादा वायू आणण्याचं लक्ष्य ठेवलं. सँटोसच्या 850 विहिरींच्या पिलिगा भागातल्या नॅराब्राय प्रकल्पातून अपेक्षित उत्पादनही नेमकं तेवढंच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्याच्या स्वतंत्र नियोजन आयोगाने 134 अटींसह मंजुरी दिली, नोव्हेंबरमध्ये केंद्राने. त्यानंतर तिथल्या गोमेरॉय आदिवासींच्या हक्काचा दावा वर्षानुवर्षं चालला.

नॅराब्राय न्यू साउथ वेल्स विधानसभेच्या ज्या बारवन मतदारसंघात येतं, तो 1950 पासून नॅशनल्सचा गड होता. 2019 मध्ये पाणी आणि वायू हे दोन्ही प्रश्न तापलेले असताना तो शूटर्स, फिशर्स अँड फार्मर्स या छोट्या पक्षाच्या रॉय बटलर यांनी घेतला. 2023 मध्ये त्यांनी तो पुन्हा जिंकला, तेव्हा ते अपक्ष होते.