रंगाखाली झाकलेली टोपी : साध्या दिसणाऱ्या फ्रेंच व्यक्तिचित्रांची पार्श्वभूमी

१७०१ सालच्या फ्रेंच राजाच्या, चौदाव्या लुईच्या चित्रात मोठेपणा शोधावा लागत नाही. फरचं अस्तर, सोनेरी लिलीफुलांचा निळा झगा, लाल टाचांचे बूट. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत हा ऐवज चित्रांतून उतरला आणि त्या साधेपणाला पुढे नवअभिजात, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन वळणाची शैली म्हणू लागले. श्रीमंती कुठेही गेली नव्हती. ती ओळखायला आता कापड नीट पाहावं लागत होतं.

मोठा घोळ झाला तो ‘शमीज’ या शब्दावरून. शमीज म्हणजे आतून घालायचा कपडा. तशाच बेताच्या पांढऱ्या मलमलीच्या झग्यालाही तेच नाव पडलं. १७८३ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात राणी मारी आंत्वानेतचं त्या झग्यातलं चित्र लागलं : डोक्यावर गवती टोपी, हातात गुलाब. राणीला आतल्या कपड्यांत रंगवलं म्हणून ओरड झाली. चित्र उतरवून दुसरं लावलं. गुलाब तोच, अंगावर मात्र निळसर रेशीम. मलमल बरीचशी आपल्याकडची, बंगालची. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या रेशीम विणकरांच्या पोटावर पाय येतो, हीही तक्रार होतीच. तरी काही वर्षांत तोच झगा प्रतिष्ठेचा झाला. तो गरिबीचा कधीच नव्हता. पांढरी तलम मलमल रोज स्वच्छ हवी, तर घरात धुणारे हात भरपूर लागतात.

१७८८ मध्ये रंगवलेल्या, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्याच्या पत्नीच्या चित्रातही पत्नी अशाच पांढऱ्या झग्यात उभी आहे, नवऱ्याच्या खांद्यावर रेलून. तो काळ्या कपड्यांत, हाती लेखणी, टेबलावर काचेची उपकरणं. ज्ञानी, साधं जोडपं! चित्राचे मोजले होते ७००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन). न्यूयॉर्कच्या संग्रहालयात सफाई करताना तिच्या डोक्यावरच्या भागात लाल ठिपके दिसले. २०२१ मध्ये तपासाचे निष्कर्ष आले : खाली फुलाफितींची भलीमोठी टोपी होती, लाल मखमलीखाली सोनेरी नक्षीचं टेबल होतं आणि उपकरणं नंतर आली होती. म्हणजे लाव्हाझिए आधी रंगवला होता तो श्रीमंत इजारदार, सरकारी करवसुलीच्या ठेक्यातला भागीदार म्हणून.

हा बदल क्रांतीच्या भीतीने केला, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. चित्रावर साल १७८८ आहे आणि पैसेही त्याच डिसेंबरात चुकते झाले. ज्याने क्रांती पेटली तो बास्तीलचा तुरुंग पडायला अजून सात महिने होते. तेव्हा इजारदारापेक्षा शास्त्रज्ञ म्हणून मिरवणं जास्त मानाचं झालं होतं, एवढं कारण पुरेसं आहे. मे १७९४ मध्ये त्याला गिलोटिनखाली नेलं, ते त्या इजाऱ्यापायीच.