ट्यूब आणि ट्यूब: एक फोडायची नाही, दुसरी उघडायची

आमच्या सोसायटीने जिन्यातल्या आणि पार्किंगमधल्या जुन्या ट्यूबलाइट काढून एलईडी बसवल्या, तेव्हा मीटररूममध्ये भिंतीला टेकवून तीसेक नळ्या उभ्या राहिल्या. त्यात चार-पाच एलईडीच्याही होत्या; आधीच्या खेपेला लावलेल्या आणि वर्षभरात मान टाकलेल्या. भंगारवाला आला, त्याने एक नळी उचलली, टोकाच्या टोप्या निरखल्या आणि म्हणाला, "ॲल्युमिनियम घेतो, काच तुमची तुम्ही टाका." नळी फरशीवर आपटणारच होता, तेवढ्यात त्याला थांबवलं. "आता हिच्यात काय उरलंय?" त्याने विचारलं.

प्रश्न रास्त होता. दोन्ही ट्यूब चार फूट लांब, दोन्ही पांढऱ्या, दोन्हींच्या टोकांना दोन-दोन पिना. एलईडीच्या काही ट्यूब तर मुद्दाम जुन्या पट्टीत बसतील अशाच मापाच्या करतात. पण एकीच्या पोटात पारा आहे आणि दुसरीच्या पोटात नाही.

आधी जुनी, म्हणजे फ्लुरोसंट, घेऊ. तिच्यात अगदी कमी दाबाचा आरगॉन वायू आणि पाऱ्याचा जेमतेम अंश असतो. वीज वाहू लागली की पाऱ्याच्या वाफेतून अतिनील किरण निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. काचेला आतून लावलेली पांढरी पूड ते शोषते आणि आपल्याला दिसणारा उजेड देते. पारा नसेल तर हा खेळ सुरूच होत नाही. स्टार्टर टिकटिकणार, चोक गुणगुणणार, दोन-तीनदा मिणमिणून मग ट्यूब लागणार. उशिरा डोक्यात प्रकाश पडणाऱ्याला आपण 'ट्यूबलाइट' म्हणतो ते यावरूनच. बटण दाबताच लागणाऱ्या एलईडीवर वाढलेल्या पोरांना हा टोमणा समजावून सांगावा लागेल, तेही उशिराच समजेल.

एलईडीत असलं काही नाही. नळीच्या आत एक लांब पातळ पट्टी, तिच्यावर ओळीने बसवलेले चण्याच्या डाळीएवढे ठिपके. ठिपका मुळात निळा उजेड देतो, त्यावरचा पिवळा थर त्यातला काही भाग बदलतो आणि दोन्ही मिसळून पांढरा दिसतो. या निळ्या एलईडीच्या शोधासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघा जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना मिळालं, आणि ५ जानेवारी २०१५ ला सरकारच्या उजाला योजनेने एलईडी बल्ब स्वस्तात घरोघरी पोचवायला सुरुवात केली. तेव्हापासून जुन्या ट्यूब आणि सीएफएल निघतायत, पण निघून जातात कुठे, हे फारसं कुणी विचारत नाही.

दोघींना ओळखायचं कसं? छापलेलं वाचा, हे सगळ्यांत सरळ. चार फुटी जुन्या ट्यूबवर ३६ किंवा ४० वॅट लिहिलेलं असतं, त्याच जातीच्या नंतरच्या बारीक ट्यूबवर २८. एलईडीवर साधारण १८ ते २२ वॅट आणि बहुधा 'एलईडी' हा शब्द. छपाई पुसली असेल तर टोकं बघा: वापरलेल्या जुन्या ट्यूबची टोकं आतून काजळी धरल्यासारखी काळी पडतात. एलईडीची अर्धी पाठ बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असते, किंवा उजेडासमोर धरली की आतले ठिपके दिसतात. मात्र काच आहे म्हणजे पाराच, असं धरू नका. पूर्ण काचेच्या एलईडी ट्यूबही मिळतात आणि घोळ तिथेच होतो. शंका उरलीच तर पारा आहे असं समजून वागा. त्यात नुकसान काहीच नाही.

पारा असतो तरी किती? अलीकडच्या एका ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम, खूप जुन्या जाड ट्यूबमध्ये त्याहून बराच जास्त. सीएफएलमध्ये साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम. तुलनेला, ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शंभरएक सीएफएलचा पारा एकाच कांडीत. तेव्हा घरात एक ट्यूब फुटली म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण एका इमारतीतल्या तीस, एका कॉलेजातल्या आठशे, एका शहरातल्या लाखो ट्यूब कचऱ्याच्या गाडीत दाबल्या गेल्या की गोष्ट वेगळी होते. पारा जळत नाही, कुजत नाही. पाण्यात पोचला की तिथले सूक्ष्मजीव त्याचं मिथिल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं अधिक विषारी रूप, करतात आणि ते माशांत साठत जातं. जपानमधल्या मिनामाता शहरात १९५६ मध्ये याच विषाचा आजार माणसांत उघड झाला. पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय कराराला त्या गावाचं नाव आहे. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. २०२३ च्या जिनिव्हा बैठकीत २०२७ अखेर फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायचं ठरलं. म्हणजे नव्या येणं बंद होईल, पण लागलेल्या अजून काही वर्षं निघत राहतील.

आता फुटण्याबद्दल, कारण खरा फरक तिथे आहे. एलईडी फुटली तर वीज बंद करा, तुकडे झाडा, पायात काच जाऊ देऊ नका. संपलं.

जुनी फुटली की आपण नेमकं उलटं करतो: पंखा जोरात लावतो आणि केरसुणी घेतो. पंख्याने पूड घरभर होते आणि केरसुणीत अडकलेली पूड उद्या स्वयंपाकघरात पोचते. व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नको. आधी मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना बाहेर काढा, पंखा-एसी बंद करा, खिडक्या उघडा आणि दहा-पंधरा मिनिटं खोली तशीच सोडा. मग हातमोजे घालून लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा (एवीतेवी पडलेल्याच असतात), बारीक पूड चिकटपट्टीने उचला, शेवटी ओल्या कागदाने फरशी पुसा. हे सगळं, चिकटपट्टी आणि कागदासकट, घट्ट झाकणाच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून वाफ झिरपते, शिवाय काचेने ती फाटते. बरणी गॅलरीत ठेवा.

म्हणून भंगारवाल्याचा हिशोब एका ट्यूबला लागू पडतो, दुसरीला नाही. त्याचा धर्मच वस्तू फोडून धातू वेगळा करण्याचा. एलईडीच्या बाबतीत तो बरोबर आहे. ती उघडली की ॲल्युमिनियम, तांबं आणि सर्किट हाती लागतं. बऱ्याचदा ठिपके शाबूत असतात आणि गेलेला असतो तो आतला ड्रायव्हर, म्हणजे ठिपक्यांना हवी तशी वीज पुरवणारं छोटं सर्किट. चांगला इलेक्ट्रिशियन तो बदलून देतो. आमच्या चार-पाच मेलेल्यांपैकी दोन अशाच जिवंत झाल्या. तरी जी खरंच गेली ती ई-कचऱ्यातच जायला हवी, कारण तिच्या सर्किटच्या जोडांवरच्या डागात (सोल्डरमध्ये) शिसं असू शकतं.

जुन्या ट्यूबचं मोल मात्र ती अखंड राहण्यात आहे. पुनर्वापराच्या कारखान्यात ती हवा आत ओढणाऱ्या बंद यंत्रात फोडतात, म्हणजे वाफ बाहेर न येता कोळशाच्या गाळणीत अडकते. काच, टोप्या आणि पूड वेगळी होते. पूड तापवून पारा वाफेने काढतात आणि थंड करून परत द्रवरूपात गोळा करतात. पाऱ्याची काच अशीच भंगारात टाकली की काय होतं, हे कोडाईकनालने पाहिलंय. २००१ मध्ये तिथल्या थर्मामीटर कारखान्याची पाऱ्याने माखलेली फुटकी काच गावातल्या भंगाराच्या आवारात सापडली आणि त्यानंतर तो कारखाना बंद झाला.

कागदावर हे सगळं आपल्याकडेही आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ट्यूबलाइट, सीएफएल आणि फुटके पारा थर्मामीटर यांना घरगुती घातक कचरा म्हटलं आणि शहरात दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र सांगितलं. तुमच्या वॉर्डात ते कुठे आहे, हे विचारायला एक फोन करा. उत्तर ऐकण्यासारखं असेल. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांतही पाऱ्याचे दिवे येतात. पण संगणक-मोबाईल नेणारा प्रत्येक जण ट्यूब घेतोच असं नाही. गाडी बोलावण्याआधी "पाऱ्याच्या ट्यूब घेता का, आणि पावती देता का?" हे दोन प्रश्न विचारा. सोसायटी एलईडीचं काम काढणार असेल तर जुन्या ट्यूब नोंदणीकृत रिसायकलरला दिल्याची पावती कोटेशनमध्येच मागून घ्या. काम संपल्यावर ठेकेदार फोन उचलत नाही.

तोवर ठेवायच्या कुठे? नव्या एलईडीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनी ट्यूब बेतल्यासारखी बसते, म्हणून सगळे तिथेच ठेवतात. वर लिहिलेलं असतं 'एलईडी', आत पारा. सहा महिन्यांनी माळा आवरणारा माणूस छपाईवर विश्वास ठेवून ती आपटतो. आम्ही जाड मार्करने प्रत्येक खोक्यावर 'पारा, फोडू नये' लिहिलं, हिंदीतही लिहिलं, आणि खोकी मीटररूममध्ये आडवी रचली. उभ्या ठेवलेल्यांतल्या दोन तोवर घसरून फुटल्या होत्या.